बादलीतली माशी

रद्दीच्या दुकानातून रेवण्णानं ते मासिक आणलं.
मुखपृष्ठ नाही, शेवटची पानं उंदरानं खाल्लेली.
मधल्या पानावर एक गोरा म्हातारा
कमरेएवढ्या पाण्यात उभा,
डोक्यावर हवेत दोऱ्याचं लांबट वेटोळं.
"पिसाची माशी करतेत बे, अंबादास.
मासा फसतो. मग त्याला सोडून देतेत."
‘सोडून देतेत’वर त्याचं बोट बराच वेळ होतं.
भुसार बाजारातला माणूस, गळ्यात लिंग,
अंड्याचं नाव निघालं तरी चूळ भरणारा.
माझ्या घरात मासा म्हणजे रविवार.
पण मी काही बोललो नाही.

मग ठरवायला बसलो.
आपल्याकडं वसंत कॅलेंडरात येतो, एक दिवस.
दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस डिग्री.
म्हणून पश्चिमेला जायचं.
सांगोला, आटपाडी, विटा, कऱ्हाड,
पुढं पाटण, आणि कोयनेच्या काठाकाठानं वर,
जिथं चैत्रातसुद्धा, म्हणतेत,
पाणी गार असतंय आणि तळाचा दगड दिसतोय.
आमचं पाणी चार दिवसाआड येतं, पिंपात,
आणि तळाशी पिंपच दिसतं.

बघायचं काय काय, ते रेवण्णा सांगणार, मी लिहिणार.
धबधबा. (चैत्रात नसतोय बे. खोडला.)
धरण, लांबून.
आणि घाटमाथ्यावरचा तो डोंगर,
जो आपले ढग अडवून धरतो.
"त्याला एकदा तोंडावर विचारायचंय," रेवण्णा म्हणाला,
"आमच्या वाटणीचं कुठं ठेवलंस?"

माशी करायचं काम माझ्याकडं आलं,
कारण बोटं माझी.
मौलालीच्या चिकन सेंटरातून कोंबड्याची मानेवरची पिसं,
बायकोच्या पेटीतली सुई, चिमट्यात धरलेला गळ,
आणि सूत.
सूत मात्र माझं स्वतःचं:
शनिवारी कारखान्यातले आठही माग किलोवर गेले.
टेम्पोत चढवताना एकाचा धोटा निसटून
माझ्या पायाशी येऊन थांबला.
मालकानं दोन-दोन चादरी दिल्या, हात जोडले.
मी म्हणालो, तो तपकिरी कोन नेऊ का, अर्धाच आहे.
छत्तीस वर्षांत सलग चार दिवस सुट्टी
मी कुणाच्या लग्नालाही घेतली नव्हती.
रेवण्णानं एवढंच विचारलं,
"मग आठवडाभर जाऊ की?"

तुटलेला धागा चालत्या मागावर जोडायची गाठ
डोळे मिटूनही बसते.
पिसाभोवती ती तशीच बसली.
पहिली माशी झुरळासारखी झाली,
दुसरी नातवानं पळवली,
तिसरीला मी पंखाखाली न्यायलाच भ्यालो,
उडेल म्हणून.

संध्याकाळी गच्चीवर सराव.
बांबूची काठी, वीस हात दोरा,
मनगट कसं वळवायचं ते मासिकात लिहिलेलं,
पण ते पान उंदराकडं.
पहिल्या फेकीत शेजारच्या विजयालक्ष्मीची कुरडई गळाला लागली,
वाळत घातलेली, अर्धी ओली.
"आता सोडून द्या तिला," ती भिंतीपलीकडून म्हणाली,
आणि रेवण्णा इतका हसला
की त्याला पाण्याच्या टाकीला धरून बसावं लागलं.

यादी खिशात आहे.
कडक भाकरी, चटणी, दोन टॉवेल (आपलेच),
परवाना लागतो का ते पाटणच्या भाच्याला विचारणे,
सव्वासहाची एसटी, खिडकीची जागा रेवण्णाला.
गुरुवार लिहिला होता, मग शुक्रवार केला,
मग नुसतं ‘होळीनंतर’.

काल रात्री स्टीलच्या बादलीत माशी सोडून बघितली.
बुडाली नाही.
पाण्यावर पाय टेकवून उभी राहिली, खरीखुरी,
आणि पत्र्याच्या दिव्याखालून एक चिलट येऊन
तिच्या शेजारी बसलं, बहुतेक चौकशीला.
रेवण्णा गुडघ्यावर हात ठेवून वाकला.
बराच वेळ कुणीच हललं नाही.
"जमलं बे," तो हळूच म्हणाला,
जणू खाली कुणी ऐकत होतं.